ओढ्याचे गुण

योगीराजनं खोदलेल्या ओढ्याला त्याच्याच बायकोनं नापास केलं, ही बातमी नेकनूरच्या बाजारात सगळीकडं झाली तेव्हा योगीराज आप्पांच्या दुकानासमोर पाइपांची बंडलं उतरवून घेत होता. ओळखीचा एक माणूस पायरीशी थांबला आणि हसत म्हणाला, "काय मालक, घरातच परीक्षा घेतली म्हणं तुमची."

योगीराजनं बंडल खांद्यावरून खाली ठेवलं, हात झटकले आणि आत गेला. गल्ल्यावर त्याचे वडील बसले होते. त्यांचं नाव वैजिनाथ, पण घरात आणि बाजारात सगळे त्यांना आप्पाच म्हणत. कपाळावरची विभूती अजून ओली होती. आप्पांनी चष्म्यावरून पोराकडं पाहिलं.

"खरं हाय का?"

"खरं हाय."

"मग खरंच हाय तर कशाला तोंड पाडून फिरतो?" आप्पा म्हणाले आणि गिऱ्हाइकाला बोल्ट मोजून द्यायला लागले.

त्यांना बोलणं सोपं होतं. लिंबारवाडीचा तो ओढा म्हणजे योगीराजचं पहिलं मोठं काम. लोखंडाच्या दुकानात बसून बोल्ट विकण्यात त्याचं मन लागत नव्हतं, म्हणून त्यानं खोदकामाचं पोकलेन मशीन घेतलं होतं. मशीन दारात येऊन उभं राहिलं आणि त्याच साली दुष्काळ पडला. लिंबारवाडी म्हणजे पालीच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीत बसलेलं गाव. तिथं टँकर यायचा तेव्हा लोक पाइपावरून एकमेकांच्या अंगावर जायचे. गावचे मोठे बागायतदार विजयसिंह यांनी पुढाकार घेतला, घराघरातून डिझेलला वर्गणी गोळा केली आणि योगीराजला बोलावलं. त्यानं गावाखालचा उंबरओढा सरळ केला, रुंद केला, खोल केला. उन्हाळाभर तो तिथंच राहिला, ऑपरेटर आजारी पडला तेव्हा स्वतः मशीनवर बसला. पुढं पाऊस झाला आणि तो खोदलेला चर काठोकाठ भरला. खालच्या रानातल्या विहिरींना पाणी चढलं. गावातल्या बायकांनी मशीनच्या बकेटला कुंकू लावून ओवाळलं. योगीराज त्या वेळी बाजूला उभा राहून नुसता हसत होता. असं कुणी कधी त्याला ओवाळलं नव्हतं.

त्याच्या लग्नाच्या आधीची ही गोष्ट. प्रणिता नंतर आली. ती बीडला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, रोज नेकनूरहून एसटीनं जायची. एका संस्थेनं बिंदुसरा नदीला मिळणाऱ्या ओढ्यांची तपासणी हाती घेतली, त्यात तिनं नाव दिलं. कोणता ओढा किती जिवंत आहे, त्याचे काठ कसे आहेत, तळ कसा आहे, त्यात काय राहतं, हे सगळं पाहून प्रत्येक टप्प्याला गुण द्यायचे, असं ते काम होतं.

"माझ्या वाट्याला लिंबारवाडी आलीय," एका संध्याकाळी ती म्हणाली. गच्चीवर बसून ती पाण्यातले जीव पकडायच्या जाळीचा फाटलेला कोपरा शिवत होती. "दुसऱ्या कुणाला द्या म्हणू का मी?"

"कावून?"

"तुमचं काम हाय तिथं. उद्या लोक म्हणतील, नवऱ्याचं म्हणून जास्त दिले."

योगीराजला हसू आलं. "जास्त द्यायला जागा तरी असंल का? पैकीच्या पैकी मिळत्यात का न्हाई बघ. मीच घेऊन जातो तुला."

ती सुई जाळीतून ओढत राहिली. त्या वेळी ती गप्प का राहिली, हे त्याला पुढं कळलं.

मार्गशीर्षातली सकाळ होती. पाऊस उघडून बरेच दिवस झाले होते आणि ज्वारी गुडघ्याच्या वर आली होती. योगीराजनं पिकअप ओढ्याच्या काठाशी लावली आणि उतरून हात पसरून दाखवलं. चर पाण्यानं भरलेला होता. दोन्ही बाजूंच्या मातीच्या भिंती सरळ उभ्या, पाणी हिरवंगार आणि शांत. वारा आला की फक्त वरवर शहारा उठायचा.

"बघ," तो म्हणाला. "ह्या दिवसात आधी इथं गुडघाभर बी पाणी नसायचं."

"पाणी लई हाय," प्रणितानं कबूल केलं. मग तिनं सलवार खोचली, पायात रबरी बूट चढवले आणि काठ उतरायला जागा शोधायला लागली. जागा नव्हतीच. सरळ भिंतीवरून उतरायचं कसं? शेवटी म्हशी जिथून घसरत खाली जायच्या तिथून ती उतरली, आणि पहिल्याच पावलाला बूट घोट्याच्या वर गाळात रुतला. गाळातून बुडबुडे आले आणि वास आला.

तिनं एक काठी तळात खुपसली. काठी हातभर आत गेली, तरी दगड लागला नाही. जाळीनं तळ खरवडून तिनं तो गाळ पांढऱ्या ट्रेमध्ये ओतला, त्यावर स्वच्छ पाणी घातलं आणि ट्रे काठावर योगीराजच्या पायाशी ठेवला. थोड्या वेळानं गाळ बसला. तळाशी रक्तासारख्या लाल, बारीक अळ्या वळवळत होत्या. दुसरं काहीच नव्हतं.

"ह्या हायत की," योगीराज म्हणाला. "जिवंतच हाय की ओढा."

"ह्या अळ्यांना हवा लागत न्हाई फारशी. जिथं दुसरं कुणी जगत न्हाई तिथं ह्या जगतात." ती ट्रेकडं बघत होती, त्याच्याकडं नाही. "काठाला झाड न्हाई एक. बेशरमीची झुडपं तेवढी उगवलीत. सावली न्हाई, दगड न्हाई, पाणी कुठं पळत न्हाई. पाणी जागच्या जागी उभं हाय."

"उभं ऱ्हावं म्हणूनच तर खोदलं."

"व्हय," ती म्हणाली. "ते बी खरं हाय."

तिथून ती ओढ्यानं वर वर चालत गेली. योगीराज मागून गेला, कारण दुसरं काय करणार. चर संपला, तिथं ओढा एकदम अरुंद झाला आणि वाकडातिकडा वळत करंजांच्या सावलीत शिरला. हा वरचा टप्पा कुणी हात न लावलेला. संक्रांत झाली की तोही खोदायचा, असं ठरलं होतं. विजयसिंहांनी तसं योगीराजला सांगूनही ठेवलं होतं. योगीराज इथं फक्त माप घ्यायला एकदा आला होता. त्या वेळी त्यानं करंज किती तोडावे लागतील तेवढंच पाहिलं होतं.

इथं पाणी थोडंच होतं, पण ते बोलत होतं. गोट्यांवरून खळाळत यायचं, उंबराच्या मुळाशी डोह करून थांबायचं आणि परत खळाळायचं.

"जाळी धरा," प्रणिता म्हणाली.

"मी?"

"मला दोन हात दगड हलवायला लागतात."

त्यानं पँट वर दुमडली आणि पाण्यात उतरला. पाणी थंडगार होतं. त्यानं खाली जाळी धरली आणि प्रणिता वरच्या अंगाला पायानं गोटे ढवळायला लागली. मग एक एक गोटा उचलून ती त्याची खालची बाजू बघायची आणि योगीराजला दाखवायची. एकावर चपटी, तीन शेपट्यांची अळी धावत दगडाच्या सावलीच्या बाजूला गेली. दुसऱ्यावर वाळूचे कण एकाला एक चिकटवून केलेली नळी होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. योगीराजला ती कचरा वाटली. प्रणितानं तिला बोटानं हळूच टोचलं, तर नळीतून एक डोकं बाहेर आलं आणि परत आत गेलं.

"घर बांधलंय तिनं," प्रणिता म्हणाली. "तिचंच. वाळू निवडून निवडून."

योगीराज वाकून बघत राहिला. दगड, माती आणि मुरूम हलवण्यात त्याचं आयुष्य चाललं होतं. एवढ्या बारीक वाळूचं बांधकाम त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पण तो ते बोलला नाही. बोलला ते वेगळंच.

"म्हंजी तू अळ्यांवर गुण देती व्हय? माणसाला प्यायला पाणी मिळालं, ते कुठं मांडायचं?"

"ते मांडलंय वेगळं. कुणी म्हणत न्हाई मिळालं न्हाई म्हणून." तिनं दगड पुन्हा होता तसा पालथा ठेवला. "पण ह्यो ओढा कसा हाय, हे मला ओढ्यालाच विचारावं लागतं. त्यो एवढंच बोलतो."

दोघं काठावर बसले. तिनं डबा उघडला.  तेवढ्यात बांधावरून एक म्हातारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली आणि ह्यांना पाहून थांबली. केसरबाई तिचं नाव. चर जिथं संपतो, त्याच्या अगदी वरच्या अंगाला तिचं रान होतं. नवरा गेलेला, मुलगा पुण्याला. तिनं योगीराजला ओळखलं.

"मशीनवाले न्हवं का तुमी?" ती म्हणाली. "वरलं बी खोदणार म्हणत्यात."

"बघू," योगीराज म्हणाला.

"खोदा, न्हाई म्हणायला मी कोण. पण माझ्या हिरीचं तेवढं बघा एकदा." भारा खाली ठेवून तिनं पदरानं तोंड पुसलं. "आधी अर्ध्या उन्हाळ्यापर्यंत पाणी ऱ्हायचं तिला. तुमी खालतं खोदून गेलता, तवापासून शिवरात्रीलाच तळ दिसतो. विजयसिंहाला सांगितलं. त्यो म्हणला, हीर म्हातारी झाली तुमची. हीर म्हातारी व्हती का, तुमीच सांगा."

योगीराज उठला. खरं तर त्याला तिथून निघायचंच होतं, म्हणून तो उठला. पण विहीर बघायची म्हणजे त्याच्या धंद्याची गोष्ट, त्यात त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. विहीर ओढ्यापासून फार लांब नव्हती. त्यानं काठाला ओणवं होऊन आत पाहिलं. वर काळी माती, खाली पिवळसर मुरमाचा जाड थर, त्याच्या खाली काळा खडक. मुरमाची वरची कड कोरडी पडली होती. ओल पार खाली, खडकाच्या सांध्याशी राहिली होती. एवढा पाऊस होऊन गेलेला, आणि मार्गशीर्षातच ओल इतकी खाली गेलेली.

तो काही न बोलता तिथून निघाला आणि चराच्या वरच्या टोकाशी, जिथं पाणी उथळ होतं तिथं, जाऊन खाली उतरला. खोदताना काढलेली भिंत तशीच उभी होती. भिंतीवर मुरमाचा थर अर्ध्या उंचीवर दिसत होता आणि त्या थरातून, बोटाएवढ्या रुंदीच्या जागांतून, पाणी झिरपत खाली चरात पडत होतं. त्यानं हाताचा तळवा तिथं लावला. तळव्यावरून पाणी वाहत मनगटापर्यंत आलं.

हे पाणी आलं कुठून, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

परतीच्या वाटेवर पालीचं धरण मागं पडलं. बीडचा रस्ता लागला तेव्हा योगीराज म्हणाला, "माझ्या टप्प्याला काय देणार?"

"वाईट."

"अगदी वाईट?"

"त्याखाली रकानाच न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा नव्हता, पण तिनं तो मऊ करायचा प्रयत्नही केला नाही.

घरी त्यानं जेवण केलं, पण काय खाल्लं ते त्याला आठवलं नसतं. त्याला प्रणिताचा राग आला होता का? आला होता. आणि त्या रागाला धरायला कुठं मूठ सापडत नव्हती, म्हणून तो जास्तच आला होता.

दोन-तीन दिवसांनी विजयसिंहांचा फोन आला. संस्थेनं गावाला कळवलं होतं, की तपासणीचा निकाल ग्रामसभेत वाचून दाखवणार. त्यांनी गोड बोलायला सुरुवात केली. मग म्हणाले, "योगीराज, तुमच्या मालकिणीला जरा सांगा. खाली चार गुण वाढले काय अन् वर चार कमी झाले काय, कुणाला फरक पडतोय. गावाचं नाव राहतंय, तुमचं बी राहतंय. संक्रांतीनंतरचं काम तर ठरलेलंच हाय आपलं."

योगीराजनं "बघतो" म्हणून फोन ठेवला. आणि खरंच त्यानं बघितलं. संध्याकाळी प्रणिता कॉलेजमधून आली, तेव्हा त्यानं तिला चहा दिला आणि समोर बसून म्हणाला, "थोडं इकडं-तिकडं केलं तर चालंल का?"

प्रणितानं कप खाली ठेवला. "गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून तुमी मुरमाला खडक म्हणता का?"

"न्हाई."

"का न्हाई म्हणत?"

"उद्या तिथं पाया धरायचा असतो माणसाला. खोटं सांगितलं तर घर खचंल त्याचं."

ती कप उचलून आत गेली. योगीराजही उठून गॅलरीत गेला. खाली रस्त्यावर माणसं ये-जा करत होती. त्याला वाटलं, आपण स्वतःच बोललेल्या वाक्यात जाऊन अडकलो.

ग्रामसभा महादेवाच्या मंदिरासमोरच्या पारावर भरली. सरपंच वनमालाताई खुर्चीवर, बाकी सगळे सतरंज्यांवर. वनमालाताई आधी अंगणवाडीत शिकवत होत्या, मग सरपंच म्हणून निवडून आल्या. बोलायच्या कमी, पण ऐकायच्या सगळं. बायका एका बाजूला होत्या, त्यात केसरबाई मागं भिंतीला टेकून बसली होती. योगीराजनं मुद्दाम कडेची जागा धरली.

प्रणितानं निकाल वाचला. वरचा टप्पा चांगला, खालचा वाईट. खालच्या टप्प्यात फेब्रुवारीनंतर पाणी सडतं, म्हशीसुद्धा तोंड लावत नाहीत, डास वाढतात. कुणी मान हलवली, कुणी कुजबुजलं. मग विजयसिंह उभे राहिले. ते मोठ्यानं बोलले नाहीत.

"बाई, तुमी शिकलेल्या हायत. तुमचं खोटं हाय असं मी म्हणत न्हाई. पण टँकरच्या वर्षी ही गावची माणसं भांडी घेऊन रस्त्यावर बसायची. तवा ह्या अळ्या कुठं व्हत्या? त्यांनी पाणी पाजलं का कुणाला?"

सभेत हशा पिकला.  योगीराजला वाटलं प्रणिता रागावेल. ती रागावली नाही.

"न्हाई पाजलं," ती म्हणाली. "अळ्या पाणी देत न्हाईत. तुमी त्या वर्षी खोदलं, त्यानं लोक जगले, हे मी लिहिलंय. पण अळ्या कुठं ऱ्हातात ते बघितलं, की पाणी कुठं वाहतंय अन् कुठं नुसतं साचलंय, ते कळतं. वरच्या टप्प्यात पाणी अजून जिवंत हाय. ते खोदू नका, एवढंच माझं म्हणणं हाय."

"मग पाणी वाढवायचं कसं?" मागून एकजण म्हणाला.  प्रणिताकडं अर्धंच उत्तर होतं, आणि अर्ध्या उत्तरावर ती बोलणारी नव्हती.

वनमालाताईंनी मान वळवली. "योगीराज भाऊ, मशीन तुमचं हाय. तुमी सांगा. वरचं खोदावं का?"

सगळ्यांची तोंडं त्याच्याकडं वळली. विजयसिंहांचीही. योगीराज बसल्या जागेवरून उठला. काय बोलायचं हे त्यानं ठरवलं नव्हतं, फक्त मनगटावरून वाहिलेलं ते पाणी त्याला आठवत होतं.

"मी मशीनवाला," तो म्हणाला. "खोदायला बोलावलं तर खोदतो. पण खोदल्यावर काय व्हईल ते सांगतो, मग तुमी ठरवा. आपल्या रानाखाली काळा खडक हाय. त्यात पाणी शिरत न्हाई. त्याच्यावर मुरमाचा थर हाय, त्यो पाणी धरून ठेवतो अन् हळूहळू हिरीला देतो. त्यो म्हंजी गावाचा रांजण समजा. आपण चर मारत मारत वर सरकलो अन् रांजणाच्या बुडाला भोक पडलं. केसरबाईच्या रानातलं पाणी त्या भोकातून चरात येतंय. मी हात लावून बघितलंय. वरचं बी खोदलं तर आख्ख्या वरच्या अंगाच्या हिरी तशाच व्हतील."

"म्हंजी तवा चुकलं म्हणता?" विजयसिंह म्हणाले.

"तवा पाणी पाहिजे व्हतं, ते मिळालं. खाली जेवढं खोदलं तेवढ्यावर थांबायला पाहिजे व्हतं."

"तुमी न्हाई खोदलं तर कडा गावच्या त्रिंबकचं मशीन आणू."

"आणा," योगीराज म्हणाला. "पण त्याला आधी केसरबाईची हीर दाखवा."

 केसरबाईच्या शेजारची बाई बोलली, की आमच्याही विहिरीचं तसंच झालंय. मग तिसरी बोलली. खालच्या रानवाल्यांनी आवाज चढवला, आमचं पाणी बंद करणार का म्हणून. बराच वेळ गोंधळ चालला. शेवटी वनमालाताई म्हणाल्या, की वरच्या टप्प्याला ह्या वर्षी कुणी हात लावायचा नाही, आणि ज्याला लावायचा असेल त्यानं पुढच्या सभेत येऊन बोलावं. हात वर करायला सांगितलं तेव्हा वरच्या अंगाचे आणि बहुतेक बायकांचे हात वर गेले. विजयसिंह चपला घालून निघून गेले. जाताना योगीराजजवळून गेले, पण थांबले नाहीत.

त्या दिवसापासून लिंबारवाडीतून योगीराजला कामाला कुणी बोलावलं नाही, आणि विजयसिंहांच्या सोयऱ्यांच्या गावांतूनही नाही. आप्पांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दुकान हाय." योगीराजला तेच ऐकायचं नव्हतं.

उन्हाळ्यात एकदा तो स्वतःहूनच वनमालाताईंकडं गेला. चराच्या वरच्या टोकाला दगड आणि चिकण मातीची पायरी बांधून मुरमाचं तोंड बुजवलं तर केसरबाईचं पाणी थांबेल, असं त्याचं म्हणणं होतं. आणि मशीन तिथं जातच असेल तर सरळ भिंती उतरत्या करून चरात मोठे गोटे परत टाकावेत, हे प्रणिताचं. डिझेलला पंचायतीनं हातभार लावला, मशीन त्यानं फुकट दिलं. खोदणारं मशीन भरायला लागलं, तेव्हा रस्त्यानं जाणारे लोक गाडी थांबवून बघायचे. प्रणिता काठावर उभी राहून सांगायची, हा दगड तिकडं, तो आडवा. योगीराज केबिनमधून डोकं काढून म्हणायचा, "वाहत्या पाण्यात असा दगड टिकत न्हाई." ती म्हणायची, टिकतो. दोघांचा आवाज मशीनच्या आवाजावर चढायचा.

पहिल्या पुरातच अर्धे गोटे वाहून गेले. योगीराजनं ते पाहिलं, आणि त्याला वाईट वाटण्याऐवजी आधी बरं वाटलं, कारण तो म्हणाला होता तसं झालं होतं. मग वाईट वाटलं. प्रणिता गुडघ्यात पाणी असताना उभी राहून वाहून गेलेल्या जागा बघत होती. "मोठे पाहिजे व्हते," ती म्हणाली. "अन् जमिनीत पुरायला पाहिजे व्हते. तुमचं बरोबर व्हतं."

पाणी ओसरल्यावर त्यांनी परत केलं. ह्या वेळी योगीराजनं गोटे निम्मे जमिनीत पुरले. वरच्या टोकाची मातीची पायरी मात्र पुरात टिकली होती. केसरबाईनं निरगुडीच्या फांद्या आणून काठाला खोचल्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

पुढच्या हिवाळ्यात प्रणिता परत तपासणीला गेली. योगीराज बरोबर होता. वरचा टप्पा होता तसाच होता. केसरबाईच्या विहिरीत मुरमाची ओल वर आली होती, अर्ध्या उन्हाळ्यापर्यंत पोचेल की नाही हे कुणी सांगू शकत नव्हतं, पण शिवरात्रीला तरी तळ दिसणार नव्हता. खालच्या विहिरींचं पाणी थोडं कमी झालं होतं, त्यावरून विजयसिंह योगीराजशी अजून बोलत नव्हते. आणि चरात, जिथं गोटे पुरले होते, तिथं एका जागी पाणी खळाळत होतं. तेवढ्याच जागी.

प्रणितानं दगड उचलला. खाली चतुर नावाच्या उडत्या किड्याचं एक पिल्लू होतं, गाळाच्या रंगाचं, पाय आखडून बसलेलं. वाळूचं घर बांधणारी अळी नव्हती. तिनं पुढचा दगड उचलला, त्याच्या पुढचा उचलला. लाल अळ्या अजून होत्याच.

"काय देणार?" योगीराजनं विचारलं.

"तेवढ्या जागेला मध्यम. बाकीचं वाईटच."

"ते पिल्लू हाय की."

"एक हाय."

"एक तर हाय," तो म्हणाला. ती हसली, पण वहीत आधी सांगितलं तेच लिहिलं.

परत येताना पालीच्या अलीकडं एका फाट्यावर त्यांना पिवळं मशीन दिसलं. दुसऱ्या गावचा ओढा होता, आणि मशीनच्या बाजूला नवा मुरूम ढीग करून टाकलेला होता. पिवळसर, ओला. योगीराजनं पिकअप बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. 

"त्रिंबक हाय," तो म्हणाला.

तो उतरून चालत गेला. प्रणिता गाडीतच बसून राहिली. तिला दिसत होतं, की त्रिंबक केबिनमधून उतरला, दोघं ढिगाशी उभे राहिले, योगीराजनं मूठभर मुरूम उचलून त्याच्या हातात दिला. त्रिंबकनं तो खाली टाकला आणि हात झाडले. योगीराज आणखी काही बोलत होता, हातानं खोली दाखवत होता. मग त्रिंबक परत मशीनवर चढला.

योगीराज आला, बसला, आणि गाडी चालू केली.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तुझं तू बघ बे." गाडी रस्त्याला लागली. थोडं पुढं गेल्यावर तो म्हणाला, "ह्या गावचा सरपंच कोण हाय, ठावं हाय का तुला?"

"न्हाई. वनमालाताईंना विचारते," प्रणिता म्हणाली आणि पर्समधून फोन काढला.